धुऱ्यावरचे रानमांजर आणि साडेआठ हजारांचा ट्रेल कॅमेरा: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, बोर नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी आमचे सहा एकर वावर आहे. पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन ही पिके, गोठ्यात दोन गाई आणि गोठ्याला लागून साठेक गावरान कोंबड्या, एवढा आमचा पसारा. २०२३ च्या पावसाळ्यात दीड महिन्याच्या आत त्यातल्या अकरा कोंबड्या गेल्या. पिसे नेहमी नाल्याच्या बाजूला सापडत, आणि शेजारच्या वावरातल्या काकांनी पहिल्याच दिवशी रानबोक्याचे नाव घेऊन फासा लावायची तयारी दाखवली. फाशाला मी नाही म्हटले; मात्र चोर कोण हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माझा नकार फार दिवस टिकणार नाही, हेही मला कळत होते. म्हणून त्या दिवाळीत ८,६०० रुपये मोजून मी एक ट्रेल कॅमेरा मागवला. समोरून उष्ण अंगाचा प्राणी गेला की आपोआप छायाचित्र किंवा चित्रफीत टिपणारी, झाडाला पट्ट्याने बांधायची ही हिरवट डबी पाहून मामाजी म्हणाले, "सूनबाई, कायले एवढे पैसे घातले? बोका काय फोटो काढाले उभा राहीन?"

त्यांची शंका अगदीच चुकीची नव्हती. कंपनीचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण दुरुस्तीवरून तिच्याशी चाललेला माझा वाद अजून मिटलेला नाही. पण हा कॅमेरा घेऊन वाघ किंवा रोही, म्हणजे नीलगाय, पाहायची असेल तर एक अनुभव येतो आणि रानमांजर पाहायचे असेल तर अगदी वेगळा येतो. विक्रीच्या पानावर सगळी चित्रे हरणांची आणि डुकरांची असतात. माझे हे परीक्षण मांजराच्या बाजूने आहे.

आधी प्राण्याची ओळख सांगते, कारण त्याशिवाय कॅमेऱ्याचे गुणदोष कळणार नाहीत. रानमांजर, ज्याला पुस्तकी मराठीत बाऊल असेही म्हणतात, हे घरमांजराच्या सख्ख्या गोतातले, म्हणजे 'फेलिस' या प्रजातीतले सर्वांत मोठे मांजर आहे. शास्त्राला त्याची ओळख १७७६ साली झाली. योहान अँटोन ग्युल्डेनश्टेट या निसर्गअभ्यासकाने कॉकेशसमधल्या टेरेक नदीच्या परिसरातून त्याचे वर्णन केले आणि त्याला 'चाउस' हे नाव दिले, तेच आज 'फेलिस चाउस' या शास्त्रीय नावात टिकून आहे. इजिप्तमधल्या नाईलच्या खोऱ्यापासून मध्य आशिया, भारत, श्रीलंका आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत ते पसरलेले आहे. इंग्रजी नावात 'जंगल' असले तरी घनदाट जंगल त्याला फारसे मानवत नाही. त्याला पाण्याजवळचे उंच गवत, लव्हाळा, झुडपी माळ आणि उभे पीक लागते. आपला 'रान' हा शब्द त्याला अधिक बरोबर बसतो, कारण आमच्याकडे माणूस रानात गेला म्हणजे तो वावरातच गेलेला असतो.

खांद्यापाशी उंची साधारण ३५ सेंटिमीटर, डोके आणि धड मिळून लांबी ६० ते ७५ सेंटिमीटर, आणि शेपूट त्या मानाने आखूड, धडाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढे. आपल्याकडचा मोठा बोका पाच-सहा किलोंचा भरतो. उत्तरेकडच्या थंड मुलखातले याहून बरेच भारी असतात. अंगावर ठिपके नसतात. वाळलेल्या कुंद्याचा किंवा मळणी झालेल्या कुटाराचा जो रंग असतो तोच त्याचा रंग. पायांवर आतल्या बाजूने गडद पट्टे, कानांच्या टोकांना काळ्या केसांचे छोटे झुबके आणि शेपटाच्या शेवटी दोन-तीन वलये व काळे टोक, एवढेच त्याच्या अंगावरचे नक्षीकाम. ठिपक्यांची वाघाटी निराळी, आणि लांब शेपटाचे, रात्री छपरावरून पळणारे उदमांजर तर मुळात मांजरच नव्हे.

आता कॅमेऱ्याकडे येते. सूचनापत्रकात तो जमिनीपासून एक मीटर उंचीवर बांधावा असे सांगितले आहे, आणि मी तसाच तो धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या, बाभळीला बांधला. पहिल्या आठवड्यात रोहीचे पाय, गाईचे पोट आणि वाऱ्याने हलणारे गवत मिळाले. दुसऱ्या आठवड्यात एका चित्राच्या उजव्या काठाशी शेपटाचे नुसते टोक सापडले. याचा हिशेब सोपा आहे. समोर हालचाल जाणवल्यापासून चित्र घेईपर्यंत या कॅमेऱ्याला अर्धा सेकंद लागतो. दुडक्या चालीने निघालेले मांजर तेवढ्या वेळात आपल्या अंगाच्या लांबीहून जास्त पुढे जाते. रोही मोठी आणि संथ असल्यामुळे तिच्या बाबतीत हा दोष लपून राहतो. पण गंमत अशी की या प्राण्याची खूण नेमकी त्या शेपटातच असते. टोक काळे, त्याआधी वलये, आणि पूर्ण शेपूट मागच्या पायाच्या ढोपराच्या खाली फारसे उतरलेले नाही. घरच्या बोक्याचे शेपूट यापेक्षा बरेच लांब असते. कॅमेरा हुकला होता, तरी पाहुणा ओळखू आला.

त्यानंतर मी कॅमेरा गुडघ्याच्या खाली, जमिनीपासून वीतभरापेक्षा थोडा वर आणला, त्याचे तोंड धुऱ्याच्या आडवे न ठेवता तिरके केले आणि समोरचे दोन हात गवत विळ्याने कापून काढले. तोंड तिरके करण्यामागेही कारण आहे. आतला सेन्सर उष्णता मोजत नाही. त्याच्या समोरच्या पट्ट्यांमधून उष्ण ठिपका एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत सरकला की तो जागा होतो. म्हणून आडवा जाणारा प्राणी त्याला लवकर कळतो आणि सरळ चालून येणारा अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. तिरके तोंड ठेवले की मांजर पट्ट्या ओलांडतेही आणि चौकटीत जास्त वेळ राहतेही. एवढ्या बदलाने माझे निम्म्याहून अधिक हुकलेले फोटो सुधारले. सूचनापत्रक लिहिणाऱ्याने यातले एक वाक्य जरी छापले असते तरी माझे तीन आठवडे वाचले असते.

रात्रीच्या चित्रांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. अंधारात हा कॅमेरा ८५० नॅनोमीटरच्या अवरक्त दिव्यांनी उजेड पाडतो, आणि तो पेटला की समोरून पाहणाऱ्याला मंद लाल ठिणगी दिसते. शिवाय संध्याकाळी आणि पहाटे आतली काच सरकताना बारीक 'टक' असा आवाज होतो. कॅमेरा कानाजवळ धरला तरच तो मला ऐकू येतो. मांजराला मात्र तो चार-पाच मीटरांवरून ऐकू जातो. माझ्याकडच्या एका फितीत ते गवताच्या कडेला खाली मान घालून बसले आहे. आवाज होताच आधी डावा कान एकटाच मागे वळतो, मग दोन्ही कान कॅमेऱ्याकडे रोखले जातात आणि सर्वांत शेवटी डोके फिरते. डोळे पांढरे चमकतात, कारण बुबुळामागच्या पडद्याच्या मागे उजेड परतवणारा थर असतो आणि त्यामुळेच अंधुक उजेडातही त्याचे काम चालते. ते पळत नाही. सात-आठ सेकंद रोखून पाहून पुन्हा आपल्या बिळाकडे वळते. लाल ठिणगी न दिसणारे ९४० नॅनोमीटरचे कॅमेरे मिळतात, पण त्यांचा उजेड कमी अंतर जातो आणि किंमत दोन हजारांनी वाढते. माझ्या अनुभवात रानमांजराला ठिणगीपेक्षा आवाजाचाच जास्त राग आहे, त्यामुळे ते जादाचे पैसे मी तरी खर्च केले नसते.

ते कान कशासाठी आहेत हे डिसेंबरातल्या एका रात्री दिसले. सोयाबीन निघून गेल्यावर रिकाम्या वावरात उंदरांची बिळे उघडी पडतात. घुशीच्या बिळांपाशी उकरलेल्या काळ्या मातीचे ढीग लांबूनही ओळखू येतात. अशाच एका ढिगापाशी मी कॅमेरा लावला होता. मांजर आले, बिळापासून हातभर अंतरावर पोट जमिनीला लावून बसले, आणि पुढच्या तीसतीस सेकंदांच्या कितीतरी फितींमध्ये त्याच्या अंगात कानांखेरीज काहीही हलत नाही. दोन फितींच्या मध्ये हा कॅमेरा पंधरा सेकंद श्वास घेतो, त्यामुळे मधला बराच भाग निसटला असणार. सुदैवाने झेप चालू फितीत आली. ते पुढे धावले नाही. बसल्या जागेवरून उंच उसळले आणि पुढचे दोन्ही पंजे एकत्र आणून वरून कोसळले. लांब पायांचा उपयोग तिथे कळतो. उंच गवतात दडलेला उंदीर समोरून धरता येत नाही, तो वरूनच दाबावा लागतो. आणि हीच उसळी गवतातून भर्रकन उठणाऱ्या तित्तिराला हवेत धरण्यासाठीही ते वापरते.

राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात रानमांजराच्या विष्ठेचा अभ्यास झालेला आहे आणि त्याच्या आहाराचा बहुतांश भाग उंदीरवर्गीय प्राण्यांचा असल्याचे त्यातून दिसले. एक मांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खाते असा तिथला अंदाज आहे. म्हणजे वर्षाला हजाराच्या वर. ससा, पाखरे, सरडे, साप, बेडूक, मासे आणि मोठे किडेही ते खाते. पाण्याचे त्याला भय नाही, ते चांगले पोहते आणि मासा धरण्यासाठी डोके पाण्यात बुडवते. आमच्या नाल्यातल्या बेशरमाच्या झुडपांमधून ते श्रावणात पोटापर्यंत भिजून बाहेर येताना कॅमेऱ्याने टिपले आहे, तोंडात बेडूक आणि अंगाला चिखल. घरच्या मांजरीचा पाय ओला झाला तरी ती चार वेळा झटकते. ती सवय याला अजिबात नाही.

कोंबड्यांचे काय, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात आला असेल. नव्या हंगामात, म्हणजे २०२४ च्या पावसाळ्यात, मी कॅमेरा दोन महिने खुराड्यासमोर ठेवला. त्या काळात सात पाखरे गेली. दोन मोठ्या कोंबड्या रानमांजराने नेल्या, दोन्ही पहाटे पाचच्या सुमारास, आणि दोन्ही वेळा खुराड्याची खालची फळी आमच्याच हातून उघडी राहिली होती. तीन पिल्ले मुंगसाने भरदिवसा उचलली. उरलेल्या दोन कोंबड्या गावातल्या मोकाट कुत्र्यांनी फाडल्या आणि तिथेच टाकून दिल्या. शेजारच्या काकांना मी ते सगळे कार्ड मोबाइलवर दाखवले. कुत्र्यांची फीत पाहून ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "पण दोन त नेल्याच ना त्यानं." ते खरेच आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही फळीला खिट्टी लावली.

उन्हाळ्यात मात्र या कॅमेऱ्याने माझी पार निराशा केली. सेन्सरचे काम प्राण्याच्या अंगाची ऊब आणि मागच्या जमिनीची ऊब यांच्यातल्या फरकावर चालते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, काळी माती त्याहूनही तापते, आणि मग मांजर जमिनीइतकेच किंवा जमिनीपेक्षा थंड ठरते. गोठ्यामागच्या सिमेंटच्या टाक्यावर ते सकाळी नऊ वाजता पाणी पिताना मी स्वतः खिडकीतून पाहिले. कॅमेरा तीन मीटरांवर होता आणि कार्डावर त्याची एकही नोंद नव्हती. उलट तापलेल्या वाऱ्यात डोलणाऱ्या गवताची नऊशे चित्रे होती. सेन्सरची संवेदनशीलता वाढवली की गवत वाढते, कमी केली की मांजर जाते. विदर्भात हा कॅमेरा घेणाऱ्याने एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत तो दिवसा जवळजवळ आंधळा आहे असे धरून चालावे.

हा दोष या प्राण्याच्या बाबतीत जास्त बोचतो, कारण रानमांजर केवळ रात्रीचे जनावर नाही. ते दिवसाही हिंडते, शिकारही करते, आणि भर उन्हाच्या वेळेत तेवढे बिळात, गवताच्या जाळीत किंवा झुडपाखाली पडून राहते. थंडीत तर ऊन खायला ते उघड्यावर येते. जानेवारीतल्या एका सकाळी पावणेनऊला त्याने धुऱ्यावरच, कॅमेऱ्याच्या पुढ्यात, अंग टाकले. चाळीस मिनिटे ते तिथे होते. हिवाळ्यात जमीन गार असल्यामुळे सेन्सरला काहीच अडचण आली नाही आणि दिवसाच्या रंगीत चित्रांत पायांवरचे पट्टे, कानांचे झुबके, नाकाच्या बाजूंची पांढरट रेघ आणि डाव्या कानाला असलेला एक जुना चीर इतक्या स्वच्छ आल्या आहेत की त्या चित्रांसाठी मी कॅमेऱ्याचे पुष्कळ दोष माफ करते. खोक्यावर २४ मेगापिक्सेल असे छापले आहे. मूळ सेन्सर तेवढा नसतो आणि चित्र नंतर फुगवलेले असते, हे मोठे करून पाहिल्यावर कळते. मोबाइलवर पाहायला मात्र काही कमी पडत नाही.

तो चीर पुढे फार उपयोगी पडला. वाघाचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, म्हणून कॅमेऱ्यावरून वाघ मोजता येतात. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावून तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक छायाचित्रे जमवली गेली होती आणि त्यांतूनच ते गणित मांडले गेले. रानमांजराच्या अंगावर असे हस्ताक्षर नाही. एकाच रात्री दोन वेळा आलेले मांजर एकच की दोन, हे सांगणे अवघड जाते. पायांच्या पट्ट्यांत थोडा फरक असतो, पण रात्रीच्या करड्या चित्रात तो पुसट होतो. कानाच्या त्या चिरेमुळे निदान एक बोका मला नक्की ओळखता आला, आणि तो आपल्या फेरीवर दर तीन-चार दिवसांनी धुऱ्यावरून जातो हेही त्यामुळेच कळले. रात्रीत तीन ते सहा किलोमीटर हिंडणारा हा प्राणी आहे. माझ्या कॅमेऱ्याला त्यातला एखादा मिनिट दिसतो.

बाभळीच्या बुंध्याशी त्याचा एक नेम ठरलेला आहे. आधी तो बुंधा नाकाने नीट वाचतो, मग त्यावर गाल घासतो, मग पाठ फिरवून शेपूट सरळ वर करतो, शेपटाचे टोक थरथरते आणि मागे मुताची धार उडते. हद्दीची खूण तीच. एरवी एकटा राहणारा प्राणी असल्यामुळे भेटी टाळण्यासाठी आणि योग्य वेळी भेट घडण्यासाठीही त्याला असा निरोप ठेवावा लागतो. कॅमेरा त्याच बुंध्याला बांधलेला असल्यामुळे तोही एकदा या निरोपात सापडला. पट्टा मी तीन वेळा धुतला. डबीला काही झाले नाही, हे तिच्या बांधणीबद्दल सांगायला हवे.

आवाजाची नोंद ही या कॅमेऱ्याची सर्वांत चांगली बाजू आहे, आणि खोक्यावर तिचा उल्लेखही नाही. विणीच्या दिवसांत बोका जो आवाज काढतो तो घरच्या बोक्याच्या रडण्यासारखा नसतो. तो घोगरा, तुटक, लांबून कुत्रा भुंकल्यासारखा वाटतो. आमच्या गावात जागलीला जाणाऱ्या कित्येकांनी तो ऐकलेला आहे, पण त्याला कोल्हा समजून सोडून दिलेले आहे. माझ्या फितीत तो बारा वेळा येतो आणि शेवटच्या हाकेला नाल्याच्या पलीकडून बारीक उत्तर येते.

आता त्या फितीवरची तारीख पाहा: १ जानेवारी २०१७, रात्री १२ वाजून ७ मिनिटे. तेव्हा हा कॅमेरा बनलासुद्धा नव्हता. यात आठ पेन्सिल सेल लागतात आणि ते पूर्ण उतरले की घड्याळ मुळारंभाला जाते. नवे सेल टाकल्यावर तारीख आपण हाताने भरायची असते, आणि ते विसरले की पुढची प्रत्येक नोंद खोटी. चार्ज करता येणारे सेल वापरावेत तर त्यांचा दाब दीडऐवजी सव्वा व्होल्टच्या आसपास असल्याने कॅमेरा त्यांना अर्धे रिकामेच समजतो आणि रात्रीचा उजेड मंद करतो. साधे अल्कलाइन सेल हिवाळ्यात दोन महिने आणि गवत हलणाऱ्या दिवसांत जेमतेम पंचवीस दिवस चालले. घड्याळासाठी आत एक बटणाएवढा वेगळा सेल बसवायला कंपनीला किती खर्च आला असता?

तारखेचा घोळ मला शेवटी तुरीने सोडवून दिला. त्या फितीत बोक्याच्या मागे शेंगांनी लदलेली तूर उभी आहे आणि आमची तूर २४ जानेवारीला कापली गेली. म्हणजे हाका त्याआधीच्या. मार्चच्या अखेरीस धुऱ्याला रचलेला पऱ्हाटीचा ढीग सरपणासाठी हलवताना मजूर बायांना तळाशी तीन पिल्ले दिसली. डोळे नुकते उघडलेले, अंगावर फिकट पट्टे, आणि शेपटे अगदीच बोटभर. मोठ्या मांजराच्या अंगावर नसणारे हे पट्टे पिल्लांच्या अंगावर असतात आणि वाढीबरोबर ते पुसट होतात. दरवर्षी कुठल्या तरी गावात बिबट्याची पिल्ले सापडल्याची बातमी उठते ती बरेचदा यामुळेच. आमच्याकडेही अर्ध्या तासात तीसेक माणसे जमली. गर्भ ६३ ते ६६ दिवसांचा आणि डोळे दहा ते तेरा दिवसांनी उघडतात, हा हिशेब मागे नेला की आपण जानेवारीच्या मध्यावर, त्याच उभ्या तुरीपाशी येतो.

वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केल्यावर तासाभरात वनरक्षक आले. त्यांनी पिल्लांना हात न लावता ढीग होता तसा रचायला लावला आणि सगळ्यांना तिथून घालवले. कॅमेरा आठ मीटरांवर ठेवायला त्यांनी हरकत घेतली नाही. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी आई आली. ढिगाभोवती दोन फेऱ्या, मग आत, मग मानगूट धरून एक पिल्लू बाहेर. चाळीस मिनिटांनी दुसरे. तिसऱ्याची फीत नाही. सेल उतरले होते. सकाळी ढिगात काही नव्हते, तेव्हा तेही गेले असे आम्ही मानले. जूनच्या शेवटी, पेरणी झालेल्या ओल्या मातीत, मोठ्या पंजांशेजारी दोन लहान पंजांचे ठसे मिळाले. चार बोटे, गोल, नखांची खूण नाही. कुत्र्याचे आणि कोल्ह्याचे नख मातीत उमटते. तेव्हा ती तीन महिन्यांची असणार, म्हणजे दूध सुटण्याच्या वयाची. आठ-नऊ महिन्यांची झाली की ती आपापल्या वाटेने जातात.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो विषय मला जास्त चघळायचा नाही. डबीवर पाणी आत शिरणार नाही असे लिहिले आहे. जुलैतल्या तीन दिवसांच्या झडीनंतर भिंगाच्या आत वाफ धरली. हमीच्या मुदतीत असूनही शहरातल्या सेवाकेंद्राने कॅमेरा एक्केचाळीस दिवस ठेवून घेतला आणि खालच्या झाकणाचा रबर आम्हीच नीट बसवला नाही असे सांगून सहाशे रुपये मागितले. पैसे मी दिले, पावती आणि तक्रार दोन्ही जपून ठेवली आहेत. आता पावसात डबीवर प्लास्टिकच्या डब्याचे झाकण उलटे बांधते. त्याने जेवढे काम होते तेवढे कंपनीच्या रबराने झाले नव्हते.

घेणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. कॅमेरा स्वतःच्या वावरात लावायला कोणाची हरकत नाही, पण बोर हा २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय असे काही बांधायला जाऊ नये. रानमांजराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून कॅमेऱ्याने चोर सापडला तरी फासा हा त्यावरचा इलाज होत नाही. उंदरांसाठी ब्रोमाडायोलोनच्या वड्या ठेवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की ते विष उंदराच्या अंगात राहते आणि असा उंदीर खाणाऱ्याच्या यकृतात साठते. माझ्या कॅमेऱ्यात दिसणारे मांजर ज्या धुऱ्यावरून येते, त्याच्या पलीकडच्या वावरात मागच्या वर्षी त्या वड्या होत्या. यंदा काकांनी त्या आणलेल्या नाहीत. कारण विचारले तर महाग झाल्या असे सांगतात.

पाचपैकी किती तारे द्यायचे म्हणाल तर हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात दीड, आणि सेवाकेंद्राला एकही नाही. अर्ध्याऐवजी तीन दशांश सेकंदात चित्र घेणारा आणि घड्याळाला वेगळा सेल असणारा कॅमेरा हजार-बाराशे रुपये जास्त देऊन मिळत असेल तर रानमांजरासाठी तोच घ्यावा. मेगापिक्सेलचे आकडे पाहू नयेत. माझा सध्या नाल्याच्या उतारावर, वीतभर उंचीवर, तिरक्या तोंडाने बांधलेला आहे. चिरेच्या कानाचा बोका शेवटचा १९ डिसेंबरला दिसला, आणि तारीख यावेळी मी दोनदा तपासून भरली आहे.